बेल्ट बदलला, पण गाडी ओढेना

आमच्या जुन्या डिझेल गाडीचा टायमिंग बेल्ट बदलून आणला आणि मांजरसुंब्याचा घाट तिला चढवेना. ओढ नाही, मागे पांढरा धूर, सकाळी लवकर चालूही होईना. सासूबाईंना कुंथलगिरीला न्यायचं होतं. अशा गाडीत कसं बसवायचं? कुणी म्हणे टर्बो गेला, कुणी म्हणे इंजेक्टर. खर्च हजारोंत!

मी ह्यांना म्हटलं, दुखणं बेल्टनंतर सुरू झालं, तर आधी तिथंच बघा. क्रँकशाफ्टचे 2 फेरे झाले की कॅमशाफ्टचा 1 होतो. हा मेळ बेल्ट राखतो. आमच्या गाडीत डिझेलचा पंपही त्याच बेल्टवर फिरतो. दुसऱ्या मिस्त्रींनी खुणा तपासल्या, तर पंप एक दात मागे! डिझेल उशिरा पडायचं, नीट जळायचं नाही, म्हणून धूर. बेल्ट परत नीट बसवला. नवा भाग एकही लागला नाही.

कॅमशाफ्टचा मेळ जास्त चुकला, तर अनेक इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात. म्हणून बेल्ट बदलला की सांगायचं, "दादा, आधी इंजिन हातानं 2 फेरे फिरवा, खुणा दाखवा, मगच चावी मारा."