पितळेचा टाका

आमच्या घरातल्या पोरांना गाडीची चीर डोळ्यांआधी कानांना कळायची. नदीकडून गाडी वळून गावाच्या चढाला लागली की ड्रायव्हरच्या मानेमागं, केबिनच्या कोपऱ्यात, वाळलेला पापड दाबल्यासारखा आवाज यायचा. पहिल्या दिवशी आबा काही बोलायचे नाहीत. दुसऱ्या दिवशी टेप बंद करून, काच खाली घेऊन तेच वळण पुन्हा घ्यायचे. तिसऱ्या दिवशी जेवताना सांगायचे, "कोपऱ्यात पत्रा तुटायलाय. मेस्त्रीकडं न्यायला पाहिजे." पंगतीतली आम्ही सात चुलत-सख्खी भावंडं माना वर करायचो. कोल्हापूरच्या उद्यमनगरात कोण जाणार, याचं भांडण तिथंच सुरू व्हायचं.

गाडी टाटा 207. टाटांनी 1988 साली टाटामोबाइल ही पिकअप आणली, तिच्याच कुळातली. आमच्याकडं ती 1996 साली दुसऱ्या हातानं आली, एमएच 09 ची पिवळी पाटी घेऊन. गावात तिला पिकअप कुणी म्हटलं नाही. पुण्याच्या बजाज टेम्पोची तीनचाकी एकेकाळी इतकी फिरली, की कंपनीचं नाव मराठीत सगळ्याच लहान मालगाड्यांना चिकटलं. तेव्हा आमचा पण 'टेम्पो'च. आज्जी मात्र तिला 'आपली गाडी' म्हणायची आणि सकाळी दारात रांगोळी घातली की बोटाला राहिलेली चिमूट तिच्या पुढच्या चाकापाशी सोडायची.

पंचगंगेकाठच्या आमच्यासारख्या घरांत त्या काळी एक गाडी पाच घरांची कामं करायची. दिवाळीनंतर गुऱ्हाळ पेटलं की गुळाचे तीस-तीस किलोचे रवे भरून कोल्हापूरच्या मार्केट यार्डात जायचं. परतताना खताची पोती, पेंड, कधी मिठाचं पोतं. चैत्रात जोतिबाची यात्रा. हौद्यात गवत, त्यावर घोंगडी, त्यावर अख्खी भावकी, आणि वाडी रत्नागिरीच्या घाटात 'चांगभलं'चा गजर. धाकट्या आत्याचं रुखवत त्याच गाडीतून गेलं. काकीला रात्री दोन वाजता कळा सुरू झाल्या तेव्हा सीपीआर दवाखान्यात तीच गाडी गेली, आणि चार दिवसांनी बाळाला घेऊन तीच परत आली. टनाच्या गाडीत दीड टन भरला जायचा, हे आज सांगायला हरकत नाही. त्याची किंमत पत्रा मोजायचा.

चिरीची जागा जवळपास ठरलेली. एक, केबिनच्या मागच्या खिडकीचा खालचा कोपरा. दोन, दाराच्या बिजागरीमागचा खांब जिथं खाली बसतो ती जागा. तीन, मागच्या फाळक्याच्या कडीभोवती. खालची चासी शिडीसारखी असते. भरलेली गाडी ओढ्यातून तिरकी चढली की ती पिळली जाते, आणि तिच्यावर रबरांवर बसवलेली केबिन तो पीळ आपल्या अंगावर घेते. पत्रा मध्ये कुठं फाटत नाही. जिथं भोक आहे, जिथं कोपरा आहे, जिथं कड संपते, तिथं तो दमतो. एका दणक्यात नव्हे, लाखो बारक्या हिसक्यांनी. हौद्याची गोष्ट वेगळी. गूळ हवेतलं पाणी ओढून घेतो. फटीत उतरलेला गुळाचा पाक, वर खताचा खार, म्हणजे तळाचा पत्रा बारा महिने ओला. तिथं आधी गंज आणि मग चीर, असा क्रम असायचा.

आता उद्यमनगर. पार्वती टॉकीजच्या आसपासच्या त्या गल्ल्यांत आमच्या पिढीनं जेवढं शिकलं तेवढं बाकावर बसून शिकलं नाही, असं मी मनापासून म्हणतो. शेतावरच्या ऑइल इंजिनांची दुरुस्ती, त्यांचे सुटे भाग, मग ओतकाम आणि लेथ, असं ते वाढत गेलेलं. बाबूराव पेंटरांनी शंभर वर्षांपूर्वी ज्या गावात चित्रपटाचा कॅमेरा स्वतः घडवला, त्या गावात 'हे इथं होत नाही' असं म्हणायला माणूस कचरतो. आमच्या मेस्त्रींचं दुकान म्हणजे चार पत्र्यांचं छप्पर. कोपऱ्यात कार्बाइडची टाकी, खडे पाण्यात पडले की होणारा खदखदाट, आणि लसणासारखा तो उग्र वास. आजही फोडणीत लसूण करपला की माझा धाकटा भाऊ "मेस्त्रीकाका आले" असं म्हणतो.

मेस्त्री चिरीकडं आधी बघायचेच नाहीत. पोतं अंथरून गाडीखाली जायचे. बोल्ट हलवून, रबर बोटानं दाबून बाहेर यायचे.

"पाव्हणं, पत्र्याचा दोष न्हाई. खालचं रबर बसलंय. ते बदलल्याबिगर मी आग लावत न्हाई."

आबांना पैशाची घाई असायची, कारण यार्डातली पट्टी अजून हातात आलेली नसायची. "नुसता टाका मारा की. हंगाम झाल्यावर रबर बघू."

"मग हंगामात परत यायला लागंल तुम्हाला."

एकदा आबांनी त्यांचं ऐकलं नाही. वाटेवरच्या दुसऱ्या एका दुकानात गाडी लावली. तिथं घाईत आर्क वेल्डिंगची कांडी टेकवली आणि मिलिमीटरभर जाडीच्या पत्र्याला बोट जाईल एवढं भोक पडलं. भोक भरायला आणखी कांडी, त्यानं आणखी भोक. शेवटी जाडजूड पट्टी मारून दिली. दीड महिन्यानं त्या पट्टीच्या कडेला नवी चीर उमटली, आधीच्या दुप्पट लांब. तेव्हापासून रबर आधी आणि पत्रा नंतर, हा आमच्या घरातला कायदा झाला.

मेस्त्रींची रीत मला अजून पावलापावलानं आठवते. रंग खरवडून पत्रा पांढरा करायचा. चिंधीनं रॉकेल फिरवायचं, कोरडं पुसायचं आणि वर खडूची पूड चोळायची. चिरीत शिरलेलं रॉकेल हळूहळू वर यायचं आणि पांढऱ्यावर काळपट रेघ उमटायची. डोळ्याला दोन इंच वाटलेली चीर तीन इंच निघायची. ती रेघ जिथं संपते त्याच्या किंचित पुढं एका सुताचं भोक पाडायचं. आम्ही पोरं हैराण. फाटलेल्याला आणखी भोक कशाला? मेस्त्री म्हणायचे, "ती वाट बघत बसलीया पुढं जायची. गोल भोकात तिला टोकच ऱ्हात न्हाई." आज्जीला हे घरी येऊन सांगितलं तर तिला नवल वाटलं नाही. वाकळ शिवताना फाटक्याच्या टोकाला ती आधी गाठ मारायची आणि मग टाके घालत मागं यायची.

थोरल्या चुलत्यांचा मुलगा पुढं इंजिनिअरिंगला गेला. सुट्टीत आला तेव्हा त्यानं कॉमेट विमानांची हकिकत सांगितली. 1954 च्या जानेवारीत आणि एप्रिलमध्ये दोन इंग्रज विमानं आकाशात फुटली. तपासात निघालं, की दर उड्डाणात आतली हवा भरून आणि सुटून अंगचा पत्रा थकला होता आणि पत्र्यात कापलेल्या झरोक्यांच्या कोपऱ्यांशी चीर सुरू झाली होती. आबा ऐकत होते. म्हणाले, "म्हणजे आपला मागच्या खिडकीचा कोपरा." दुसऱ्या दिवशी त्यांनी ती गोष्ट मेस्त्रींना सांगितली. मेस्त्री बराच वेळ गप्प राहिले, आणि मग विचारलं, "माणसं किती होती त्यात?"

भोक पाडून झालं की टाके. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ जायचं नाही. एक इथं, एक तिथं, मध्ये गार होऊ द्यायचं, नाहीतर पत्रा तापून पिळतो आणि त्याला पोट येतं. बाहेरच्या अंगाला ते पितळ भरायचे. टाकणखारात बुडवलेली पितळी सळी, ज्योतीत ऑक्सिजन किंचित जास्त. पोलाद वितळायला पंधराशे अंश लागतात, पितळ नऊशेच्या आसपास वाहायला लागतं. त्यामुळं पत्रा जागचा हलत नाही आणि पितळ फटीत आपोआप ओढलं जातं. लाल झालेल्या रेघेवर ते सोनेरी पाणी धावायचं, तो क्षण बघायला आम्ही भांडून आलेलो असायचो. काळा चष्मा एकच. तो दहा मोजेपर्यंत एकाकडं, मग दुसऱ्याकडं. दाराच्या खांबाच्या बुडाला मात्र मेस्त्री पितळ लावायचे नाहीत. "त्यो भार घेतोय. तिथं लोखंडाला लोखंडच." आतून पत्र्याचं ठिगळ, चारही कोपरे गोल केलेलं, आणि त्याला सळी वितळवून पक्का जोड. चौकोनी ठिगळाच्या कोपऱ्यातूनच पुढची चीर निघते, हे ते आधीच्या त्या पट्टीकडं बोट दाखवून सांगायचे.

आमचं काम ओली पोती धरायचं. काचेच्या रबराजवळ, डिझेलच्या पाइपाजवळ. बॅटरीची वायर आणि टाकी आबा स्वतः सोडवायचे, ते दुसऱ्या कुणावर सोपवलं नाही. काम संपलं की मेस्त्री हात पुसायचे आणि आई पिशवीतून गुळाचा खडा काढून द्यायची. जस्ताचा पांढरा धूर घशात जातो, त्यावर गूळ खावा, असं तेव्हा सगळे वेल्डर मानायचे. मेस्त्री आमच्याच गुऱ्हाळाचा गूळ मागायचे. मजुरीत त्याचा हिशेब कधी धरला गेला नाही.

रंगाचं घरी. लांबी भरणं मोठ्यांकडं, वॉटर पेपरनं घासणं आम्हा पोरांकडं. पासिंगच्या आधी आठवडाभर अंगणात राखाडी पाणी वाहायचं आणि सगळ्यांच्या बोटांची टोकं पांढरी पडायची. खंडेनवमीला झेंडूची माळ घातली की नवा रंग कुठं लावलाय ते आम्हालाच ओळखू यायचं. पाहुण्यांना दिसायचं नाही, याचा केवढा अभिमान!

एका वर्षी जोतिबाच्या यात्रेनंतर महिन्याभरात मागचा कोपरा पुन्हा बोलला. मेस्त्रींनी आतलं अस्तर काढलं, चीर जरा फाकवली आणि हातोडीचा हलका ठोका दिला. आतून गुलाल पडला. ओंजळभर, फिका पडलेला, काही थर घट्ट झालेला. किती चैत्रांचा होता कुणास ठाऊक. मेस्त्रींनी ज्योत बंद केली. कागद घेतला, बोटानं सगळा गुलाल त्यावर गोळा केला, स्वतःच्या कपाळाला लावला, आबांच्या, मग आमच्या. उरलेला कागदात बांधून आईकडं दिला. त्यानंतरच कामाला हात लावला. ती पुडी आज्जी गेली तेव्हा तिच्या पेटीत सापडली.

2005 च्या महापुरात गाडी दोन दिवस पाण्यात होती. राजाराम बंधाऱ्यावर पाण्यानं 43 फुटांची धोक्याची खूण कधीच मागं टाकली होती. आम्ही माणसं आणि जनावरं वर नेली, गाडीला वेळ मिळाला नाही. पाणी उतरल्यावर दारांच्या पोटातून गाळ काढायला तीन दिवस लागले. इंजिन सुरू झालं, पण पत्र्याला आतून लागलेला गंज थांबला नाही. त्याच वर्षी टाटांचा एस, म्हणजे छोटा हत्ती बाजारात आला. काकांनी पुढं तो घेतला. मेस्त्रींकडं कार्बाइडच्या टाकीजागी सीओटू वेल्डिंगचं मशीन आलं. पातळ पत्र्याला ते पितळापेक्षा चांगलं, हे मेस्त्री मोकळेपणानं कबूल करायचे. जोड झटपट होतो आणि पत्रा कमी तापतो. त्यांचा मुलगा आता तेच चालवतो आणि तोही आधी पोतं अंथरतो.

आबा 2017 साली गेले. 2019 च्या पुरात आम्ही पहिल्यांदा 207 वर नेऊन लावली, मग घरचं सामान हलवलं. हे कुणी ठरवलं नव्हतं. धाकट्यानं किल्ली घेतली आणि बाकीचे बाजूला झाले. आता तिचं पासिंग होत नाही, रस्त्यावर ती येत नाही. गोठ्याच्या कडेला उभी असते. चुलतभाऊ गावी आले की एकेकजण तिच्या मागं जाऊन कोपऱ्यावर अंगठा फिरवतो. रंग उडालाय आणि पितळ उघडं पडलंय. पुण्यात, बंगळुरात, एकजण तर जर्मनीत मोटारींच्याच कारखान्यात, असे आम्ही पांगलोय. पण कुठला टाका कुठल्या साली पडला, हे सात जणांपैकी कुणालाही झोपेतून उठवून विचारा. आत्याच्या लग्नाआधीचा, बाळ घरी आल्यानंतरचा, पुरानंतरचा.

ज्यांच्या दारात अजून अशी जुनी गाडी चालती आहे, त्यांना एवढंच सांगणं. मृग लागायच्या आत दारांच्या खालची पाणी जायची भोकं तारेनं मोकळी करा, हौद्याच्या फटी धुऊन कोरड्या करा, आणि मागच्या कोपऱ्यात कर्र वाजलं तर टाका मारायच्या आधी केबिनखालची रबरं बघा. आमच्या गाडीला चार होती. मागची दोन आधी बसायची.