‘झाली’ आणि ‘केली’

माझ्या पीएच. डी. प्रबंधाच्या परिशिष्टात बीड परिसरातील बोलीची नमुनावाक्ये आहेत. त्यांतील एक वाक्य माझ्या थोरल्या चुलतीविषयी आहे : ‘हिनंच भानामती केली.’ कर्मणी प्रयोगाचे उदाहरण म्हणून मी ते निवडले होते. परीक्षकांनी त्या परिशिष्टाची प्रशंसा केली. चुलतीला ते कधीच कळले नाही.

मराठवाड्यात वाढलेल्याला भानामती समजावून सांगावी लागत नाही. घरावर दगड पडतात, कपड्यांवर बिब्ब्याच्या फुल्या उमटतात, एखादी बाई घुमते, कुत्र्यासारखी भुंकते. या साऱ्याचे ते एकच नाव. किंचित उच्चारभेदाने हा शब्द तेलंगणात आणि बीदर-गुलबर्ग्याकडेही वावरतो. १९४८ पर्यंत हा मुलूख एकाच निजामी राज्यात होता.

गावात पहिले वाक्य असे येते : ‘सुनेला भानामती झाली.’ येथे करणारा कोणी नाही. सासरी जे बोलता येत नाही ते सुनेचे शरीर बोलत असेल, या अर्थाला या वाक्यात अजून जागा आहे. पण लगोलग कोणी तरी विचारतो, ‘कुनी केली?’ ‘झाली’चे ‘केली’ होताच व्याकरणाला तृतीयेतला कर्ता लागतो आणि गावाला एक बाई लागते. आमच्या गावाला चुलती सापडली. ती विधवा होती, एकटी होती आणि तिच्या वाट्याला दोन एकर जमीन होती. तिला विहिरीवर येण्याची बंदी झाली. ती माहेरी गेली, ती परतली नाही.

चेटकिणींच्या इतिहासाकडे मी वळलो तो या अपराधी जाणिवेतून. डाकिनी ही वज्रयानात साधकाला ज्ञान देणारी. तिचीच डाकीण झाली आणि सातपुड्यात तो शब्द जिवावर बेतणारा आरोप ठरला. इटलीतील फ्रिउली प्रांतात बेनांदांती नावाचे लोक होते. पिकांच्या रक्षणासाठी आपण रात्री चेटकिणींशी लढतो, असे ते सांगत. सोळाव्या-सतराव्या शतकांत धर्मन्यायालयाच्या चौकशीखाली तेच अखेरीस स्वतःला चेटके म्हणू लागले. कार्लो गिन्झबुर्ग यांनी १९६६ साली त्या चौकशीच्या कागदांवरून हे परिवर्तन उलगडून दाखवले. चेटकिणीविषयी आपल्यापर्यंत जे पोहोचते त्यातील बरेचसे प्रश्न विचारणाऱ्याचे असते, हे तेथे मला प्रथम नीट उमगले. माझ्या परिशिष्टातही प्रश्न माझाच होता. ‘भानामती’ घालून एक वाक्य सांगा, असे मीच आजीला म्हणालो होतो.

कायद्याने हा प्रश्न उलटा केला. ब्रिटनमध्ये १७३५ च्या कायद्यानंतर चेटूक हा गुन्हा उरला नाही. तशा शक्तीचा दावा करणे हा गुन्हा ठरला. आपल्याकडे २० ऑगस्ट २०१३ रोजी डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची हत्या झाली. त्याच महिन्यात जादूटोणाविरोधी अध्यादेश निघाला आणि डिसेंबरात कायदा संमत झाला. एखादी व्यक्ती करणी करते, मंत्रतंत्राने जनावरांचे दूध आटवते, असे सांगून तिच्याविषयी संशय निर्माण करणे हा त्यानुसार गुन्हा आहे. ‘कोणी केली?’ ऐवजी तो विचारतो, ‘असे म्हणाले कोण?’

मी भानामतीवर विश्वास ठेवत नव्हतो; म्हणूनच ते वाक्य मला निरुपद्रवी वाटले. अभ्यासकाची तटस्थता कित्येकदा अशीच असते : आरोप खोटा आहे हे त्याला ठाऊक असते, आणि तरी तो जसाच्या तसा जतन करतो. चुलती आता हयात नाही. प्रबंधाची प्रत ग्रंथालयात आहे. तिच्यातील वाक्य मला खोडता येणार नाही. त्यातला कर्ता मात्र येथे दुरुस्त करतो : ‘हिनंच भानामती केली, असे आम्ही म्हणालो.’