कर्ज, जामीन, जप्ती

अरब आपल्या भाषेला ‘दादची भाषा’ म्हणतात. दाद म्हणजे जीभ जड करून काढायचा एक ‘द’. तो फक्त आपल्याकडेच आहे, हा त्यांचा जुना अभिमान. फारसीत जाताना या दादचा ‘झ’ झाला आणि मराठीत तो ‘जग’मधला ज होऊन बसला. कर्दचं कर्ज झालं, दामिनचा जामीन, दब्तचं जप्त. कर्ज काढायचं, जामीन शोधायचा, हप्ते थकले की जप्ती ओढवून घ्यायची. सगळा संसार एका अक्षरात. तारखेला ‘हजर’ राहा म्हणतात, त्यातही तेच अक्षर.

इंग्रजी करार अरबीत नेणं हा माझा धंदा. हमीचं कलम आलं की माझा वेग निम्म्यावर येतो.

इंग्रजीतले गॅरंटी आणि वॉरंटी हे मुळात एकच शब्द. जुन्या फ्रेंचच्या एका बोलीत त्याच्या आरंभी ‘ग’ होता, नॉर्मन बोलीत ‘व’. इंग्रजांनी दोन्ही उचलले आणि वकिलांनी त्यांना वेगवेगळी कामं दिली: वॉरंटी वस्तूच्या गुणाची, गॅरंटी दुसऱ्याच्या देण्याची. अरबीत दोन्हींना ‘दमान’ चालतो. फ्रीजचा दमान, बँकेच्या हमीपत्राचा दमान आणि सरकारी सामाजिक सुरक्षेचाही दमानच.

‘सिक्युरिटी’चं नेमकं उलटं. इंग्रजीत पहारेकरीही सिक्युरिटी आणि तारणही सिक्युरिटी. अरबीत पहाऱ्याला अम्न, वस्तू गहाण टाकली तर रहन. (ओलीस धरलेल्या माणसाला याच रहनवरून ‘रहीना’ म्हणतात. माणूसही गहाणच की.) नवखा असताना एका निविदेत मी तारणाच्या जागी अम्न लिहिलं. रखवालदार किती हवेत, अशी समोरून विचारणा आली. त्या अम्नच्याच धातूपासून विम्याचा ‘तअमीन’ झाला आणि अमानतही. अमानतीतल्या म आणि न यांची आपण अदलाबदल केली, तीच आपली अनामत. निवडणुकीत उमेदवाराची ‘अनामत जप्त’ होते, तेव्हा दोन्ही शब्द अरबीच असतात.

सगळ्यांत अवघड शब्द ‘कफाला’, म्हणजे कफालत. आखातात नोकरी केलेल्या कोकणी माणसाला कफील सांगावा लागत नाही: ज्याच्या नावावर व्हिसा, तो. कतारमध्ये 2020 पर्यंत नोकरी बदलायलाही मालकाचं ना-हरकत पत्र लागे. फिक्हमध्ये, म्हणजे इस्लामी कायदेशास्त्रात, मात्र कफील म्हणजे साधा जामीनदार, दुसऱ्याचं ओझं अंगावर घेणारा. शब्द तोच राहिला आणि ओझं कामगाराच्या अंगावर गेलं, असं मला वाटतं. जुन्या कफालतीचे दोन प्रकार: माणूस हजर करण्याची आणि पैसे भरण्याची. आपल्या जुन्या कागदांतले हजीरजामीन आणि मालजामीन हेच.

एकोणिसाव्या शतकातल्या ऑटोमन ‘मजल्ला’ संहितेत कफालतीची व्याख्या आहे: मागणीपुरता एकाचा जिम्मा दुसऱ्याच्या जिम्म्याला जोडणं. ‘जिम्मा’ हा शब्दही अरबीच. आपला 1872चा करार कायदा इंग्रजी घडणीचा, पण त्याचं कलम 128 जवळपास हेच सांगतं: करारात वेगळं ठरलं नसेल, तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच. त्यामुळे मेहुण्याच्या कर्जाच्या कागदावर ‘नुसती सही’ करायला बोलावलं, तर जाण्याआधी हप्ता किती आहे ते विचारा. बँकेने आधी मेहुण्याकडेच जायला हवं, असं कायदा म्हणत नाही.