फिर्यादी कोण?

“ताई, तुमचा एक रुपयाही गेलेला नाही. मग तक्रार कसली?” पोलीस ठाण्यात ऐकलेलं हे वाक्य आठवलं की आजही डोकं तापतं.

मुलाच्या शिक्षणासाठी कर्ज मागायला गेले आणि बँकेने नकार दिला. सिबिलचा अहवाल काढला, तर माझ्या पॅनवर एका फायनान्स कंपनीचं 88 हजारांचं कर्ज, हप्ते थकलेले. मी साताऱ्याची, कर्जदाराचा पत्ता ठाण्याचा. पॅन माझं, जन्मतारीख माझी, कर्जाच्या कागदांवरचा फोटो मात्र दुसऱ्याच बाईचा.

कंपनी म्हणाली, एफआयआरची प्रत आणा, मग कर्ज तुमच्या नावावरून काढू. पोलीस म्हणाले, फसवली गेली कंपनी, तेव्हा फिर्याद तिने द्यावी. मी परत कंपनीला फोन केला. तर उत्तर आलं, आमच्या दप्तरी कर्जदार तुम्हीच आहात, आम्ही कुणाविरुद्ध फिर्याद देणार? म्हणजे पोलिसांच्या लेखी माझं काही गेलंच नव्हतं आणि कंपनीच्या लेखी मीच बुडवी होते. वसुलीवाले नवऱ्याच्या ऑफिसात फोन करत होते. शेजारणीलाही एकदा केला. दोन्हीकडची माणसं आवाज न चढवता, चहा विचारून मला परत पाठवत होती, याचा संताप जास्त येई. पुढे पोलिसांकडून नवं कारण निघालं: गुन्हा ठाण्यात घडलाय, तिकडे जा. शेवटी अर्जावर पोच मिळाली. अर्जाच्या पोचेवर कंपनी हलत नाही.

मग मी कायदा वाचायला बसले. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम 66सी दुसऱ्याची ओळख लबाडीने वापरण्यालाच गुन्हा म्हणतं; 3 वर्षांपर्यंत कैद आणि 1 लाखापर्यंत दंड. ज्याची ओळख चोरली त्याचे पैसे गेले पाहिजेत, अशी अट त्यात नाही. गुन्हा दखलपात्र आहे. दखलपात्र गुन्ह्याची खबर आली की एफआयआर नोंदवलाच पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये ललिता कुमारी खटल्यात सांगितलंय. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 नुसार हद्द कुठलीही असो, खबर घ्यावी लागते. नाही घेतली तर पोलीस अधीक्षकांना टपालाने लिहिता येतं, त्यानंतर दंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं. मी अधीक्षकांना स्पीड पोस्टाने लिहिलं. गुन्हा दाखल झाला.

ज्यांच्यावर ही वेळ येईल त्यांनी कंपनीकडून कर्जाची कागदपत्रं आणि पैसे कुठल्या खात्यात जमा झाले ते लेखी मागावं. तपास त्या खात्यावरूनच पुढे सरकतो. सिबिलकडेही चुकीच्या नोंदीची तक्रार त्याच दिवशी टाकावी. ती 30 दिवसांत निकाली निघाली नाही तर दिवसाला 100 रुपये भरपाईचा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर फोन जरूर करावा, पण तिथला तक्रार क्रमांक म्हणजे एफआयआर समजू नये.

फोटोतल्या त्या बाईला गजाआड पाहायचं, एवढंच तेव्हा माझ्या मनात होतं. ती सापडली. तिच्या जबाबात आहे की एका एजंटाने योजनेचे पैसे मिळतील सांगून तिचा फोटो काढला, सही घेतली, हातावर 2 हजार टेकवले. खातंही तिच्याच नावाचं, एटीएम कार्ड मात्र एजंटाकडे. खरं असेल, बनाव असेल. मला ठरवता येत नाही. आरोपींमध्ये पहिलं नाव तिचं आहे आणि फिर्याद माझी आहे. एजंट जामिनावर सुटलाय. त्याचे वकील म्हणतात, तडजोड करा, तुमचं कर्ज तर निघालं ना? मी नाही म्हटलंय. त्या बाईपुरती तडजोड केली असती, असं हल्ली रात्री वाटतं; सकाळी वसुलीवाल्यांचे फोन आठवतात आणि तेही वाटेनासं होतं.

पॅनवरचा चेहरा आणि समोरचा चेहरा जुळवून न पाहता कर्ज मंजूर करणाऱ्या कंपनीतल्या माणसाचा जबाब घ्या, असा अर्ज मी तपास अधिकाऱ्यांना दिलाय. तो जबाब अजून झालेला नाही.