तळ्याकाठचा माणूस

योहानकृत शुभवर्तमानात बेथेस्दाच्या तळ्याकाठी एक रोगी आपणांस भेटतो. 38 वर्षांचे त्याचे दुखणे. तळ्यात पाणी होते, त्या पाण्याला गुण होता. परंतु पाणी हलताच त्याला उचलून आत सोडणारे माणूस त्याच्यापाशी नव्हते. या प्रसंगावर आम्ही अनेकदा प्रवचन केले आहे. त्याचा अर्थ मात्र 2020 साली, अमेरिकेतील एका धर्मग्रामात सेवा करीत असताना, आमच्याच हातून घडलेल्या चुकीमुळे आम्हांला उमगला.

करोनाच्या साथीने व्यवहार ठप्प झाले, तेव्हा 27 मार्च 2020 रोजी तेथे एक कायदा झाला. ठरावीक मर्यादेच्या आत उत्पन्न असलेल्या प्रौढास 1,200 डॉलर व 17 वर्षांखालील प्रत्येक मुलामागे 500 डॉलर द्यायचे ठरले. वाटप करखात्याकडे होते. परंतु सरकारी मदतीवर जगणाऱ्या अनेक अपंगांना आणि निवृत्तिवेतन घेणाऱ्या अनेक माजी सैनिकांना करपत्रक भरावेच लागत नाही. त्यामुळे त्यांची नोंद खात्याकडे नव्हती. एप्रिलच्या मध्यास सरकारने जाहीर केले की, त्यांनाही ही रक्कम दरमहाच्या मदतीप्रमाणेच आपोआप मिळेल.

मंदिरे बंद होती. मिस्सा घरोघरी पडद्यावर पाहिली जात होती. पास्काच्या दुसऱ्या रविवारी, 19 एप्रिलला, मिस्सेच्या शेवटी आम्ही मोठ्या आनंदाने सूचना दिली, “अपंग व माजी सैनिक बंधुभगिनींनी काहीही करण्याची गरज नाही. पैसे आपोआप येतील.”

ते अर्धेच सत्य होते. सरकारपाशी त्यांचे खाते होते, त्यांच्या मुलांची नावे नव्हती. मुलांचे 500 डॉलर तत्काळ हवे असतील तर 5 मेपूर्वी संगणकावरून नावे नोंदवायची होती. सूचनेचा हा पुढचा भाग आम्ही वाचलाच नव्हता.

जून महिन्यात चाकांच्या खुर्चीतून एक माता आमच्याकडे आली. तिला दोन मुले. तिचे 1,200 डॉलर आले होते, मुलांचे आले नव्हते. ती म्हणाली, “फादर, तुम्ही म्हणालात काही करू नका, म्हणून मी काही केले नाही.” तिच्या स्वरात तक्रार नव्हती, म्हणूनच ते वाक्य आम्हांला अधिक लागले. पुढील वर्षी करपत्रक भरून ही रक्कम मागता येईल, असे आम्ही सांगितले. परंतु घरभाडे पुढील वर्षापर्यंत थांबणार नव्हते.

ऑगस्टमध्ये करखात्याने राहिलेल्या पालकांसाठी नोंदणी पुन्हा उघडली. मुदत 30 सप्टेंबर. या खेपेस आम्ही वेदीवरून सूचना देऊन थांबलो नाही. मंदिराच्या आवारात झाडाखाली टेबल मांडले, एक संगणक ठेवला. युद्धात पाय गमावलेले धर्मग्रामातील एक माजी सैनिक यादी घेऊन बसले व एकेका घरी फोन करू लागले. जकातनाक्यावरून उठून प्रभूमागे गेलेल्या मत्तयाची आठवण येऊन आम्हांला हसू आले. आम्ही उलट कराच्या टेबलाशी येऊन बसलो होतो!

तेथे आम्हांला कळले की, माणसे आळसामुळे नव्हे, भीतीमुळे मागे राहतात. कोणाला वाटे, हे कर्ज असून पुढे फेडावे लागेल. त्या मातेची भीती निराळी होती. तिला मिळणाऱ्या मदतीचा नियम असा की, शिल्लक 2,000 डॉलरांवर गेली तर मदत थांबते. 1,200 आणि 1,000 मिळून 2,200 होतात, हा हिशेब तिने आधीच केला होता. ही रक्कम उत्पन्नात धरली जात नाही व 12 महिने शिल्लकेतही मोजली जात नाही, हा नियम आम्ही तिला वाचून दाखविला. तिने तो पुन्हा एकदा वाचायला लावला. मग तिने मुलांची नावे सांगितली.

ऑक्टोबरात तिचे 1,000 डॉलर आले. चूक सुधारली, परंतु मधले पाच महिने आम्ही तिला परत देऊ शकलो नाही.

आपल्याकडेही संजय गांधी निराधार योजनेचे अर्ज आहेत, अपंगत्वाचे दाखले आहेत, बँकेची पासबुके आहेत. फलकावर सूचना लावली की आपले कर्तव्य संपले, असे आपणांस वाटते. तसे ते संपत नाही. ती सूचना शेवटच्या ओळीपर्यंत स्वतः वाचावी, मग ज्याच्यासाठी ती आहे त्याच्या शेजारी बसून पुन्हा वाचावी, आणि त्याची भीती ऐकून घ्यावी. तळ्याकाठच्या त्या रोग्याला पाणी कोठे आहे हे कोणी सांगायची गरज नव्हती. त्याला माणूस हवा होता.