आसावरचा पहारा

मोटारीच्या अंगात जे शेकडो भाग अहोरात्र राबत असतात, त्यांपैकी बहुतेकांची ओळख त्यांच्या कामावरून पटते. परंतु मागल्या आसाच्या टोकाशी तैनात केलेल्या ऑइल सीलची ओळख, त्याच्या हातून कसूर झाल्यावाचून, गाडीच्या धन्यास सहसा होत नाही. चाकाच्या आतल्या अंगाने टायरवर काळसर ओघळ उतरतो, त्यावर धुळीची पुटे चढतात, ९० नंबरच्या तेलाचा गंधकी दर्प नाकाला झोंबू लागतो, आणि ब्रेक दाबताच गाडी एका अंगास ओढ घेऊ लागली म्हणजे समजावे की, आतले तेल वेस ओलांडून ड्रममध्ये शिरले व लायनर भिजले.

बैलगाडीच्या युगात असला पहारा कोणी मागितलाच नव्हता. आखाला वंगण लावावे, ते गळावे, आणि गाडीखाली टांगलेल्या नळ्यातून गाडीवानाने ते पुन्हा घालावे, असा तो सरळ व्यवहार होता. मोटारीच्या आसात मात्र दंतचक्रे तेलात बुडून फिरतात, आणि त्याच आसाच्या टोकाशी तेलाचा थेंबही न सोसणारा ब्रेक नांदतो. तेव्हा दोहोंमध्ये सरहद्द आखणे क्रमप्राप्त झाले. आरंभी हे काम नमद्याकडे व कातड्याकडे होते. जर्मनीत वाइनहाइम येथे कातडी कमावणाऱ्या फ्रॉयडेनबर्ग यांच्या कारखान्यात १९३२ साली वाल्टर झिमर याने कातड्याची कड धातूच्या कोंदणात बसवून या पहाऱ्यास नवे रूप दिले, आणि पुढे काही वर्षांतच कातड्याच्या जागी कृत्रिम रबर आले.

या पहाऱ्याची रीत मोठी विलक्षण आहे. सीलचा पातळ ओठ, पाठीशी वेटोळे घालून बसलेल्या नाजूक स्प्रिंगच्या आधाराने, फिरत्या आसाला टेकलेला असतो. परंतु त्या दोहोंमध्ये मिलिमीटरच्या हजारांश मापाने मोजावा असा तेलाचा एक पापुद्रा सदैव नांदत असतो, आणि तो आटला तर ओठ घर्षणाने तापून करपतो. ज्याला अडवावयाचे, त्याच्याच ओलाव्यावर अडविणाऱ्याचे आयुष्य अवलंबून! म्हणूनच नवे सील कोरडे बसवीत नाहीत. आधी त्याच्या ओठाला तेलाचे बोट लावतात.

जुन्या जीपचे सील बदलण्याचे काम निगुतीचे आहे. आसाचे टोक निमुळते असून हब त्यावर चावीने घट्ट बसलेले असते, ते पुलर लावल्याखेरीज हलत नाही. हब, ड्रम व आस बाहेर आल्यावर जुने सील उचकटून काढतात. आणि मग आसाचा मुलाहिजा करताना, जेथे मऊ रबर टेकत होते नेमके तेथेच, कठीण पोलादावर नखाला जाणवणारी चर उमटलेली दिसते. रबराने पोलाद झिजविले म्हणावे, तर खरा कारागीर निराळाच असतो: ओठात रुतून बसलेली रस्त्याची धूळ. अशा वेळी नवे सील किंचित पुढेमागे सरकवून, ओठाला झिजलेली जागा टाळता येईल असे, लाकडी ठोकळ्याने चहूकडून सारखे ठोकीत बसवितात. ओठाचे तोंड आत, तेलाकडे. भिजलेले लायनर पेट्रोलने धुऊन भागत नाही, तेही बदलावे लागतात.

एवढा बंदोबस्त करूनही कित्येकदा थोड्याच दिवसांत ओघळ पुन्हा दिसतो, आणि नव्या पहारेकऱ्यासही बडतर्फ करण्याचा हुकूम सुटतो. वास्तविक घाट चढताना आसाच्या हाउसिंगमधले तेल तापते, वरची हवा फुगते, आणि तिला बाहेर सोडणारे ब्रीदरचे इवलेसे छिद्र चिखलाने बुजलेले असले, तर ती हवा तेलाला रेटीत ओठावर चालून येते. कोंडमाऱ्यापुढे कोणतीही वेस टिकत नाही, आणि ठपका मात्र वेशीवरच्या नोकराच्या माथी येतो. म्हणूनच जाणता मिस्त्री, नवे सील हाती घेण्यापूर्वी, ब्रीदर काढून रॉकेलमध्ये धुतो, तारेने टोचतो, तोंडाने फुंकून पाहतो, आणि वारा पलीकडे निघाला तरच निकाल देतो, “आता घाला सील, रावसाहेब. टिकंल.”