मागं गेले की पुढंच ढकलतंय

ब्राऊजरला 'न्याहाळक' हा मराठी शब्द आपल्या संगणकप्रेमींनी एकेकाळी हौसेने चालवून पाहिला. फार चालला नाही. 'टिचकी' मात्र टिकली, निदान माझ्यापुरती. न्याहाळकाच्या डाव्या कोपऱ्यात मागे तोंड केलेला जो बाण असतो त्याला मराठी नाव द्यायच्या भानगडीत कोणी पडले नाही. त्याला सगळे बॅकच म्हणतात, पणजीतही आणि बिदरातही. १९९३ साली आलेल्या मोझेकमध्ये हा बाण होता. त्यानंतर न्याहाळक किती आले, किती गेले, बाण आहे तिथेच आहे. १९९७ साली कॅल्गरी विद्यापीठाच्या लिंडा टॉशर आणि सॉल ग्रीनबर्ग यांनी माणसे महाजालावर कशी वावरतात याची नोंद ठेवून पाहिली, तेव्हा आपण उघडतो त्या शंभर पानांतली ५८ पाने आधी पाहिलेलीच असतात असे निघाले. म्हणजे आपण पुढे जातो त्यापेक्षा मागेच जास्त फिरतो.

हा बाण हट्टाला पेटला म्हणजे काय होते ते मला हुलसूरला पाहायला मिळाले.

हुलसूर म्हणजे बिदर जिल्ह्यातले, बसवकल्याणजवळचे गाव. मी निघालो होतो बसवकल्याणला. गोव्याच्या कदंबांची ती सासुरवाडी. कल्याणच्या चालुक्य विक्रमादित्य सहाव्याची मुलगी मैलालदेवी ही आमच्या दुसऱ्या जयकेशीला दिलेली. हे नाते डोक्यात घेऊन गेलेल्या माणसाला एका स्नेह्याच्या नातलगांनी मुक्कामाला ठेवून घेतले. घरात मराठी, शाळेत कन्नड, बाजारात दखनी. ज्वारीची भाकरी आणि तुरीचे वरण. आमच्या उकड्या तांदळाच्या जिभेला दोन दिवस लागले, मग लागली चटक.

घरातली नात एका परीक्षेचा अर्ज भरत होती. शेवटचा दिवस. गावातल्या झेरॉक्सच्या दुकानात बसलेली, दोन तास झाले तरी परत येईना, म्हणून तिच्या आजोबांनी मला धाडले. "तुम्ही गोव्याचे, तुम्हाला कळतं असेल संगणकातलं," असे म्हणाले. गोव्याचा आणि संगणकाचा संबंध त्यांनी कुठून जोडला ते मी विचारले नाही.

अडचण अशी होती. अर्ज भरून पोरगी पैसे भरण्याच्या पानावर पोचली आणि तिथे वरच्या बाजूला तिला आपला तालुका दिसला, 'बसवकल्याण'. दाखल्यावर होता 'हुलसूर'. हुलसूर २०१८ साली बसवकल्याणातून वेगळा तालुका झाला. दहावीच्या वेळचे जुने कागद एका नावाचे, नवे दाखले दुसऱ्या. (धारबांदोड्याच्या वाचकांना हे समजावून सांगायला नको. त्यांच्याही जुन्या कागदांवर सांगे किंवा फोंडा असतेच.) तालुका बदलायला ती बाण दाबायची. पान क्षणभर पांढरे व्हायचे आणि पुन्हा तेच पैशांचे पान.

"काका, मी मागं गेले की ते मला पुढंच ढकलतंय," ती म्हणाली. बिघाडाचे याहून नेमके वर्णन मी कोणा जाणकाराकडूनही ऐकलेले नाही.

दुकानदाराने तोवर दोन उपाय केले होते. एक, बाण जोरजोरात दाबणे. दोन, पान ताजे करणे. दुसऱ्या उपायावर न्याहाळकाने खिडकी उघडून विचारले होते, भरलेली माहिती पुन्हा पाठवू का? दुकानदार म्हणत होता, हो म्हणून टाक. पोरीने हात आवरून धरला होता. शेजारच्या एकाची फी मागे दोनदा कापली गेली होती आणि ती परत मिळायला कित्येक महिने लागले होते. तिचे बरोबर होते. ती खिडकी उगाच विचारत नाही. आपण नुसते पान वाचायला मागवतो ते वेगळे आणि माहिती भरून धाडतो ते वेगळे. धाडलेल्या माहितीतून आलेले पान ताजे करायचे तर तीच माहिती पुन्हा धाडावी लागते, आणि समोरच्याने काळजी घेतली नसेल तर एका अर्जाचे दोन होतात. या खिडकीला डोळे मिटून हो म्हणू नये.

आता बाण पुढे का ढकलत होता? न्याहाळक आपण पाहिलेल्या पानांची एक चवड ठेवतो, भाकऱ्यांची ठेवतात तशी. नवे पान आले की वर. बाण दाबला की वरचे बाजूला, खालचे समोर. त्या संकेतस्थळावर अर्ज आणि पैसे या दोन पानांच्या मध्ये एक तिसरे पान होते, 'थांबा, पुढे नेत आहोत' एवढेच सांगणारे. डोळ्याला ते दिसतही नाही, पण चवडीत त्याची भाकरी पडते. बाण दाबला की आपण त्याच्यावर येऊन पडतो, आणि त्याला एकच काम माहीत, पुढे नेणे. ते ते इमानाने करते. म्हणजे बाण बिघडलेला नव्हताच. तो एक पाऊल मागे नेत होता आणि ते पाऊल निसरड्यावर पडत होते.

काही ठिकाणी हे अजाणता होते, काही ठिकाणी मुद्दाम. २०१० च्या सुमारास न्याहाळकांना नवी सोय मिळाली. पान तेच ठेवून पत्ता बदलायचा आणि चवडीत नवी नोंद टाकायची. नकाशे, टपालपेट्या यांना ती उपयोगी. पण वाचकाला कोंडून ठेवणाऱ्यांनी तिचा असा वापर केला की दहा वेळा बाण दाबला तरी माणूस तिथेच. शेवटी २०१९ च्या सुमारास क्रोमने, वाचकाने जिथे टिचकीही मारलेली नाही अशा घुसडलेल्या नोंदी ओलांडून मागे जायला सुरुवात केली. त्याच क्रोमने २०१६ साली बॅकस्पेसच्या कळीने मागे जाणे बंद केले होते, कारण अर्ज भरता भरता एक अक्षर खोडायला जावे आणि पानच गायब व्हावे असे लोकांचे होत होते. दुकानातल्या संगणकावरचा न्याहाळक मात्र कित्येक वर्षांत कोणी अद्ययावत केलेला नव्हता.

उपाय सोपा निघाला. बाणावर उंदीर दाबून तसाच धरून ठेवायचा. चवडीची यादी खाली उतरते, प्रत्येक पान नावानिशी. नावे होती कन्नडमध्ये. मला ओ की ठो कळेना.

"वाच बाई तू," मी म्हटले. ती वरून खाली वाचत गेली आणि एकेकाचा अर्थ सांगत गेली. वरचे ते निसरडे पान सोडून त्याच्या खालच्या अर्जावर आम्ही टिचकी मारली. अर्ज उघडला. फोटो गेला होता, बाकी मजकूर शाबूत. तालुका बदलला, फोटो पुन्हा चढवला.

अर्जाच्या तळाशी दोन बटणे होती. तिने वाचून दाखवली, 'हिंदे' आणि 'मुंदे'. मागे आणि पुढे. मला गंमत वाटली. कन्नड हिंदे म्हणजे मागे, आणि पूर्वीही. मराठीत 'मागे एकदा' म्हणतो तेव्हा तेच. कोकणीत फाटीं म्हणजे पाठीमागे, आणि फाटलीं वर्सां म्हणजे सरलेली वर्षे. तिन्ही भाषांना गेलेला काळ पाठीशीच दिसतो. तिला मात्र मी कामाचेच सांगितले. लांबलचक सरकारी अर्जात वरच्या बाणाला हात लावू नको, हे तळाचे 'हिंदे' वापर. वरचा बाण फक्त चवड जाणतो, तळाचे बटण तुझा अर्ज जाणते.

'मुंदे' दाबले. या खेपेला वर हुलसूर होते. फी एकदाच कापली गेली. पावतीच्या दोन प्रती काढून आम्ही घरी आलो.

आजोबांनी पावती दिव्याखाली धरली, तालुक्याच्या नावावर बोट ठेवले. त्यांचा जन्म निजामाच्या राज्यातला. १९४८ नंतर हैदराबाद राज्य, १९५६ ला जुना बिदर जिल्हा तीन राज्यांत वाटला गेला तेव्हा हे म्हैसूरकडे आले, १९७३ ला म्हैसूरचे कर्नाटक झाले, आणि आता तालुकाही नवा. "मी या ओट्यावरून हललो नाही बघा," ते म्हणाले. पान तेच आणि पत्ता नवा, ही युक्ती न्याहाळकवाल्यांना २०१० ला सुचली असे मी आत्ताच वर लिहिले आहे.

मग त्यांनी नातीला विचारले, जुन्या दाखल्यावर बसवकल्याण आहे त्याचे काय करायचे? तिने उद्या तहसीलला जाऊन विचारते म्हणून सांगितले, आणि पावतीची एक प्रत त्यांच्या पत्र्याच्या पेटीत ठेवायला दिली.